ध्यान लागणे आणि ध्यानात येणे

शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा शाळेचा इतिहास लिहावा, हाच विचार आमच्या मनात प्रथम आला. इतिहास हा आमचा अभ्यासाचा आणि अध्यापनाचा विषय. पहिल्या वर्षीच्या पत्र्याच्या दोन खोल्या आम्हांला अजून आठवतात, टँकरच्या पाण्यावर काढलेले उन्हाळे आठवतात. परंतु ते काम या स्मरणिकेत इतर सहकाऱ्यांनी केले आहे. आमच्या मनात मात्र मागच्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील एक प्रसंग घर करून बसला आहे. त्याविषयीच लिहावे, असे ठरविले.

भोजनानंतर लिंबाच्या झाडाखाली एकाच तुकडीतील दोन माजी विद्यार्थी बोलत बसले होते. एक जण आज वकिली करतो आणि चळवळीतही असतो. दुसरा शासकीय सेवेत आहे. दरवर्षी न चुकता ध्यानशिबिराला जातो. आम्ही जवळून जात असताना वकिलाने हाक मारली, "जय भीम सर! एक विचारू का? रोज पहाटे वीस मिनिटे तुम्ही आम्हांला डोळे मिटून बसविलेत. बाबासाहेबांनी तर आपल्या माणसांचे डोळे उघडले. त्यांच्या हातचे म्हणून जे बुद्धाचे चित्र आपल्या घरांत असते, त्यातला बुद्धही उघड्या डोळ्यांचा आहे. मग आपण डोळे का मिटायचे?" दुसरा लगेच म्हणाला, "ज्याला स्वतःचे मन वीस मिनिटे सांभाळता येत नाही, तो समाज काय सांभाळणार?" दोघांनीही उत्तरासाठी आमच्याकडे पाहिले. तेवढ्यात पुढील कार्यक्रमाची घंटा झाली आणि आम्ही सभामंडपाकडे वळलो. खरे सांगायचे तर, घंटा झाली म्हणून आम्हांला बरे वाटले. प्रश्न त्या दिवसापुरता टळला, सुटला नाही.

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांच्या आधारे देता येते, आणि पुढे आम्ही तसे देणारही आहोत. परंतु ते उत्तर आम्हांला ग्रंथांतून कळले नाही. आमच्या चुकांतून कळले. ज्या क्रमाने त्या चुका घडल्या, त्याच क्रमाने त्या सांगणे योग्य ठरेल.

आमचे वडील सोलापुरातील एका कापड गिरणीत मागावर होते. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, तेव्हापासून कित्येक पिढ्या हे शहर भोंग्याने उठले आणि भोंग्याने जेवले. आमचेही बालपण भोंग्याच्याच वेळापत्रकावर गेले. महाविद्यालयात गेलो ते दिवस नामांतराच्या लढ्याचे होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या जवळजवळ सोळा वर्षांत एका नावासाठी किती घरे जळाली आणि किती माणसे मेली, हे वाचतच आमची पिढी वाढली. बुधवार पेठेतल्या एका विहारात आमचे अभ्यास मंडळ भरत असे. आम्ही अकरा जण होतो. बाबासाहेबांचे ग्रंथ आम्ही ओळीखाली रेघा मारून वाचले. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण माणसांनी निर्माण केले आहे आणि म्हणून ते माणसांना नष्ट करता येते, हे सारे आम्हांला उमगले होते. तेवढ्यापुरती ती प्रज्ञाच होती, असे आम्ही आजही म्हणू.

परंतु त्या जाणिवेला पेलणारे मन आमच्यापाशी नव्हते. रात्र रात्र झोप लागत नसे. घरी आईने भाकरीबरोबर कालवण कमी वाढले तरी आवाज चढत असे. व्यवस्थेवरचा राग शेवटी निघायचा तो जवळच्या माणसावर. पुढे जयंतीच्या वर्गणीच्या हिशेबावरून आमचे मंडळ फुटले. अकरांपैकी तिघे जण दारूने गेले. ते तिघे आमच्यातले सर्वांत हुशार होते, हे लिहितानाही हात जड होतो. वडिलांना लिहितावाचता येत नव्हते, तरी त्यांना आमची अवस्था दिसत होती. एकदा ते एवढेच म्हणाले, "तार लई ताणली की तुटती, बाबा. मग कापड कशाचं इणायचं?" तेव्हा आम्हांला ते घाबरट माणसाचे बोलणे वाटले.

पुढे शिवाजी विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळाली. वडिलांची गिरणी बंद पडली, तिच्या देण्यांसाठी हेलपाटे सुरू झाले, आणि आम्ही या शाळेत रुजू झालो. काही वर्षांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या आग्रहावरून इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिरास गेलो. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून येऊन १९६९ साली मुंबईत पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र उभे राहिले, हे बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. पहाटे चारला घंटा, दिवसभर आर्य मौन, पहिले साडेतीन दिवस केवळ नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जाणणे, त्यानंतर देहावरील संवेदना समतेने पाहणे आणि शेवटी मैत्री, असा तो क्रम. चौथ्या दिवसापूर्वीच्या रात्री मन आयुष्यात प्रथमच शांत झाल्याचा अनुभव आम्ही घेतला. मागाची खडखड आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला गिरणी बंद झाल्यावर जसे वाटावे, तसे काहीसे वाटले. त्या अनुभवाविषयी आमच्या मनात आजही कृतज्ञता आहे. पुढे जे घडले, त्यात शिबिराचा किंवा तेथील शिकवणुकीचा काही दोष नाही. शिबिरात आम्हांला दोन गोष्टी शिकविल्या होत्या, आम्ही घरी येताना एकच घेऊन आलो.

आम्हांला शांततेची गोडी लागली. पहाटे तास, सायंकाळी तास. मन श्वासावर ठरले की तेथून उठावेसे वाटेना. संवेदनांकडे पाहावे, त्यांचे अनित्यत्व जाणावे, मनात काय उठते आहे ते ओळखावे, हे पुढचे काम कंटाळवाणे वाटू लागले, कारण त्यात नको असलेले पुष्कळ काही दिसत असे. गिरणीच्या देण्यांसाठी वडील एकटे खेटे घालत होते. आम्ही शांत होतो. शाळेच्या सभेत एखादा अन्यायाचा विषय निघाला तरी आम्ही शांत असू. याला लोक साधना म्हणत आणि आम्हीही तसेच समजत होतो. आमच्या पत्नी मात्र एके दिवशी म्हणाल्या, "पूर्वी तुम्ही भांडत तरी होता. आता विचारलेलेही तुम्हांला ऐकू येत नाही." आम्ही त्यावरही मंद हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

याच काळात वसतिगृहातील पहाटेच्या ध्यानवर्गाची जबाबदारी आमच्याकडे आली. त्रिसरण-पंचशील झाले की वीस मिनिटे आनापान. शंभर-सव्वाशे मुले वीस मिनिटे चिडीचूप बसत, याचा आम्हांला मोठा अभिमान होता. पाहुणे आले की आम्ही त्यांना मुद्दाम पहाटे बोलावीत असू. त्या मुलांत सातवीतला एक मुलगा होता, मंगळवेढ्याकडचा. घंटा झाली तरी तो उठत नसे. इतर मुले नाश्त्याला धावत, हा तसाच ताठ बसलेला. आम्ही इतरांना सांगत असू, "याच्याकडे पाहा. याला ध्यान लागते." दिवाळीची सुटी संपवून तो परतला, तेव्हापासून तर तो अधिकच वेळ बसू लागला होता.

एके दिवशी भोजनगृहातल्या स्वयंपाकीण मावशी ऑफिसच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, तुमचं ते ध्यानवालं पोरगं आठ दिस झालं अर्धी भाकर टाकून उठतंय. तुमच्या ध्यानात आलं न्हाई व्हय?"

आमच्या ध्यानात आले नव्हते. आठ दिवस रोज पहाटे आम्ही त्याच्यासमोर तीन हातांवर बसत होतो.

त्याला जवळ घेऊन विचारले तेव्हा तासाभराने तो बोलला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. त्या वर्षी मुकादमाची उचल जास्त झाली होती. गावी धाकट्या बहिणीला सांभाळणारी आजी अंथरुणाला खिळली होती. बहीण तिसरीत होती; तिला शाळेतून काढून टोळीबरोबर नेणार, असे घरी ठरले होते. 'कुणाला सांगू नको,' असे वडिलांनी त्याला बजावले होते. म्हणून तो डोळे मिटून बसत होता. डोळे मिटले की कोणी काही विचारत नाही, हे त्याला कळले होते. आम्ही ज्याला समाधी म्हणत होतो, ते एका बारा वर्षांच्या मुलाचे लपणे होते. त्याच्याकडे पाहून आम्हांला हे ओळखता आले नाही, कारण आम्हीही तेव्हा तेच करीत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन त्याच्या गावी गेलो. सोलापुरातील एका मुलींच्या वसतिगृहात त्याच्या बहिणीची सोय होईल, असा शब्दही मिळविला होता. घराला कुलूप होते. आजीला मामाकडे पोहोचवून टोळी पाच दिवसांपूर्वी कर्नाटकातल्या कारखान्याकडे गेली होती. शेजारच्या माणसाने कारखान्याचे नाव सांगितले, पण टोळी नेमकी कोणत्या फडावर आहे, हे कळेपर्यंत आणखी काही आठवडे गेले. निरोप पोहोचला तेव्हा वडिलांनी उत्तर पाठविले की, पोरगी आता लहान भावाला सांभाळते, तिला सोडता येत नाही. मुलगा आमच्याकडेच शिकला आणि दहावी झाला. त्याच्या बहिणीचे शिक्षण तिसरीतच थांबले. अनेक कारणांनी ते थांबले असेल. पण ते आठ दिवस आमच्या हिशेबी आहेत.

मावशींच्या त्या वाक्याने आम्हांला आपल्याच भाषेकडे नव्याने पाहायला लावले. मराठीत 'ध्यान लागणे' म्हणतात आणि 'ध्यानात येणे' असेही म्हणतात. मन एका ठिकाणी ठरते, ते ध्यान लागणे. जे आहे ते जसे आहे तसे कळते, ते ध्यानात येणे. पालीत ज्याला समथ आणि विपस्सना म्हणतात, समाधी आणि प्रज्ञा म्हणतात, त्यांतील भेद शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या बोलण्यातही सांभाळला गेला आहे. तरुणपणी आमच्या पुष्कळ काही ध्यानात येत होते, पण ध्यान लागत नव्हते. प्रौढपणी ध्यान लागले आणि ध्यानात येणे बंद झाले.

त्यानंतर आम्ही ग्रंथ पुन्हा उघडले. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आमच्या घरी रोज वाचला जाई. तरी सम्यक समाधीवरील मजकूर जणू प्रथमच वाचला. बाबासाहेबांनी तेथे समाधी आणि सम्यक समाधी यांत स्पष्ट रेघ ओढली आहे. नुसत्या समाधीने मनावरील आवरणे काही काळापुरती दूर होतात. तिच्यात मनाला कायमचे वळण लावण्याचे सामर्थ्य नाही. सम्यक समाधी एकाग्र झालेल्या मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लावते आणि अकुशलाकडे जाणारी त्याची ओढ मोडते. म्हणजे बाबासाहेबांनी ध्यान नाकारले, असे जे आपल्याकडे काही जण म्हणतात, ते खरे नाही. आणि डोळे मिटले की झाले, असे जे दुसरे म्हणतात, तेही खरे नाही. बाबासाहेबांनी विचारले ते हे की, शांत झालेल्या मनाचे तुम्ही करता काय?

सिद्धार्थ गौतमाच्या चरित्रातही हेच आहे. आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे त्यांनी समाधीच्या फार वरच्या पायऱ्या गाठल्या. गुरूंनी आपल्या बरोबरीचे स्थान देऊ केले, तरी ते तेथे थांबले नाहीत, कारण त्या अवस्थेतून उठल्यावर दुःखाचा प्रश्न होता तेथेच होता. परंतु शिकलेली समाधी त्यांनी टाकूनही दिली नाही. बोधिवृक्षाखाली ते बसले ते एकाग्र मन घेऊनच, आणि त्या मनासमोर त्यांनी ठेवला तो जगातील दुःखाचा प्रश्न.

या दोहोंचा मेळ कसा घालावा, याविषयी पाली वाङ्मयात तीन ठिकाणी जे सांगितले आहे, ते आम्हांला फार उपयोगी पडले. पहिली गोष्ट सोणाची. चंपानगरीचा हा सुखात वाढलेला श्रेष्ठीपुत्र भिक्षू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तरी मन मुक्त होईना. घरी परत जावे, असा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला विचारले की, तू गृहस्थ असताना वीणा वाजवीत होतास ना. तारा अति ताणल्या तर वीणा वाजे का, आणि अति सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा उत्तर 'नाही' असेच होते. ही कथा वाचली आणि वडिलांचा आवाज कानी आला. मागावर ताणा फार ओढला तर तारा तुटतात. फार सैल राहिला तर तारांमधली वाट नीट उघडत नाही आणि धोटा मध्येच अडकतो. वडील येता-जाता ताण्यावर बोटांची उलटी बाजू फिरवीत आणि ताण बरोबर आहे की नाही, ते सांगत. तो ताण सकाळी एकदा जुळविला की दिवसभर तसाच राहतो, असे नाही. हवा बदलली, सूत बदलले, बीम संपत आला की पुन्हा पाहावे लागते. मनाचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट कोसंबीच्या घोषितारामातली. तेथे आनंदांनी भिक्षूंना सांगितले की, कोणी आधी समथ वाढवून मग विपस्सनेकडे जातो, कोणी आधी विपस्सना करून मग समथाकडे येतो, कोणी दोन्ही बरोबर वाढवितो, आणि कोणाचे धम्मचिंतनाने खळबळलेले मन पुढे शांत होऊन त्यातून मार्ग निघतो. दोन्ही बरोबर नेण्याला तेथे 'युगनद्ध' असा शब्द आहे. युग म्हणजे जू. ज्यांनी खिलारी बैलांची जोडी चालविली आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा मागे रेटतो, तेव्हा नांगराचे तास वाकडे जाते. अशा वेळी चांगला शेतकरी दोघांनाही मारत सुटत नाही. मागे पडलेल्याला चुचकारतो आणि पुढे धावणाऱ्याचा कासरा आवरतो. आमच्या वकील विद्यार्थ्याने या चार वाटा अवश्य लक्षात घ्याव्यात. चळवळीतून येणारा माणूस बहुधा चौथ्या वाटेचा असतो. त्याची खळबळ हा दोष नाही; ती निवायला जागा हवी, एवढेच.

तिसरी गोष्ट अग्नीच्या उपमेची. मन मरगळलेले असेल तेव्हा धम्मविचय, वीर्य आणि प्रीती यांचा अभ्यास करावा. मन उसळलेले असेल तेव्हा प्रश्रब्धी, समाधी आणि उपेक्षा यांचा. विझत आलेली आग फुलवायची तर तीवर कोणी ओले गवत आणि ओले शेण टाकीत नाही. भडकलेली आग आवरायची तर कोणी वाळलेल्या गोवऱ्या घालीत नाही. स्मृती मात्र दोन्ही वेळा हवीच. बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात स्मृतीला सर्व कालवणांत लागणाऱ्या मिठाची उपमा दिली आहे. वीर्यापेक्षा समाधी वाढली तर आळस येतो आणि समाधीपेक्षा वीर्य वाढले तर मन भरकटते, असेही ते सांगतात. आम्ही हे मावशींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यात काय नवं? चुलीपुढं बसणाऱ्याला हे रोजचंच हाय."

यानंतर वसतिगृहातील ध्यानवर्गात आम्ही जे बदल केले, ते येथे नोंदवून ठेवतो. सहकाऱ्यांना आणि पालकांना कदाचित त्यांचा उपयोग होईल. वीस मिनिटे तीच ठेवली. पहिली दहा मिनिटे आनापान. मन ठरायला तेवढी लागतातच. पुढची पाच मिनिटे देहात आणि मनात काय चालले आहे ते नुसते ओळखायचे: राग, भूक, घराची आठवण, परीक्षेची भीती. त्याला नाव द्यायचे आणि ते बदलताना पाहायचे. शेवटची पाच मिनिटे मैत्री. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या भाजे येथील शिबिरांत जी मैत्रीभावना शिकवितात, तिच्याच धर्तीवर. परीक्षेच्या किंवा भांडणाच्या दिवसांत मुले उसळलेली असतात, तेव्हा आनापान वाढवितो. पावसाळी पहाटे ती पेंगतात, तेव्हा त्यांना उभे करून सावकाश चालवितो आणि ओळखण्याचा भाग वाढवितो. २०१२ साली राज्य शासनाने 'मित्र उपक्रम' आणून शाळाशाळांत आनापानाचा पुरस्कार केला तेव्हा आम्हांला आनंद झाला. परंतु आमच्या वर्गात पुढची दहा मिनिटे आम्ही कधी गाळली नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा बदल वर्गानंतरचा आहे. उठताना प्रत्येक मुलाने शेजारच्या मुलाकडे पाहायचे आणि एक गोष्ट ध्यानात आली का, ते स्वतःला विचारायचे. सांगण्यासारखे असेल तर दिवसभरात केव्हाही सरांना किंवा मावशींना येऊन सांगायचे. या एका रिवाजाने आजवर किती तरी गोष्टी वेळेत कळल्या: कोणाला ताप आहे, कोणाच्या पायात चप्पल नाही, कोणाला घरून फोन आल्यापासून झोप नाही. आता ध्यानवर्ग पूर्वीइतका चिडीचूप नसतो. पाहुण्यांवर त्याची छाप कमी पडते, हेही खरे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांची सहल नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना नेली होती. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, दिली आणि ती गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. मुलांनी तेथेच बोटांवर हिशेब केला: २००० चे वर्षाचे व्याज २४० आणि २० गुणिले १२ म्हणजेही २४०. हिशेब जुळल्यावर मुलांना कोण आनंद झाला! आमच्या मनात मात्र वेगळेच आले. ती खोदीव खोली, तो दगडी ओटा, तेथे डोळे मिटून बसलेला भिक्षू; आणि त्याच्या अंगावरचे वस्त्र ज्या रकमेच्या व्याजातून आले, ती गोवर्धनच्या मागांवर राबत होती. दानाचा लेख राजाच्या जावयाच्या नावाचा आहे, पण ते व्याज विणकरांच्या हातांनी उभे केले. आमची ही शाळाही अशीच उभी आहे. आम्हांला मिळणारी वीस मिनिटे शांतता कोणाच्या तरी वर्गणीतून, कोणाच्या तरी मागावरच्या, फडावरच्या, वीटभट्टीवरच्या कष्टातून आली आहे. त्या शांततेत जर ते कष्ट करणारे आमच्या ध्यानात येणार नसतील, तर ती शांतता आमच्या हक्काची नाही.

आता त्या दोघा विद्यार्थ्यांना उत्तर देतो. वकीलसाहेब, तुमचे म्हणणे खरे आहे, बाबासाहेबांनी आपले डोळे उघडले. परंतु उघड्या डोळ्यांनी जे दिसते ते सहन करून त्यावर वर्षानुवर्षे काम करायचे, तर मनाला रोज थोडे ठरावे लागते. आमच्या मंडळातील ते तिघे आज असते तर त्यांनी हे तुम्हांला आमच्याहून चांगले सांगितले असते. आणि साहेब, तुमचेही खरे आहे, मन सांभाळता आले पाहिजे. परंतु शिबिरातून परत येताना एकदा घरच्यांना विचारून पाहा की, आपले बोलणे याला आता अधिक ऐकू येते की कमी. आम्हांला ही कसोटी आमच्या पत्नींनी लावली होती आणि त्यात आम्ही नापास झालो होतो. तुम्ही दोघे एकाच जुवाला जुंपलेले आहात. पुढच्या मेळाव्यात शेजारी बसा.

तो मंगळवेढ्याकडचा मुलगा आता संसारी आहे, अधूनमधून फोन करतो. बहिणीचा विषय तोही काढत नाही, आम्हीही काढत नाही. परंतु पहाटे पाचची घंटा होते, मुले रांगांत बसतात, तेव्हा डोळे मिटण्यापूर्वी आम्ही एकदा सर्व रांगांवरून नजर फिरवितो. वीस मिनिटांनी डोळे उघडल्यावर पुन्हा एकदा फिरवितो. कोणी घंटेनंतरही बसून राहिला तर त्याचे कौतुक करीत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसतो आणि विचारतो, "काय रे बाळा, जेवलास का रात्री?"

जय भीम! नमो बुद्धाय!